धोंडू गोंधळीचं तुणतुणं

रंगपंचमी झाली की कोल्हापुरात ऊन एकदम अंगावर येतं. सकाळी नऊलाच रस्ता तापतो, कुठल्या तरी उसाच्या फडात पेटवलेल्या पाचटाची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते, आणि यात्रांचा हंगाम सुरू होतो. परवा कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले, तर देवाच्या डोंगराकडे निघालेला एक टेम्पो चहासाठी थांबला होता. आतली माणसं आधीच गुलालानं लाल झालेली. टपावर कर्णा, कर्ण्यात देवाचं गाणं, आणि गाण्याच्या सुरुवातीलाच ते तुणतुणं वाजलं. भाजीवाल्या मावशी मान डोलवत म्हणाल्या, "कसलं ग्वाड वाजीवलंय बगा धोंडू गोंधळ्यानं!" मी हातातला दोडका परत टोपलीत टाकला आणि काही न घेताच घरी आले.

राग आला होता. बारा वर्षं झाली, दर चैत्राच्या तोंडाला हा राग न चुकता येतो. आमच्या घरात आता सगळ्यांना तो पाठ झालाय. मुलगी म्हणते, आई, लागलं वाटतं कुठं तरी तुझं गाणं. लागलं ना. चौकात लागलं, शेजारच्या बारशात लागलं, एका माणसाच्या फोनमध्ये तर ते घंटीसारखं वाजलं आणि तो बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या खुशाल ते वाजू देत राहिला.

तर आज एकदा लिहूनच टाकते. धोंडू गोंधळी नावाचा कलावंत नाही. कधीच नव्हता. त्याला मी शाहूपुरीतल्या एका माडीवर, दुपारी दोनच्या सुमारास, चहा येईपर्यंतच्या वेळात जन्माला घातला. ते तुणतुणंही तुणतुणं नाही, गिटार आहे. आणि ती वाजवणारा माणूस आहे नेसरीचा मल्लिकार्जुन शेटे, आम्हा सगळ्यांचा मल्लूअण्णा.

नव्वदच्या दशकात त्या माडीवर एक छोटा स्टुडिओ होता. मालकांना सगळे तात्या म्हणत. मी बी. ए. होऊन घरी बसले होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून तात्यांनी मला ठेवून घेतलं. गायकांना लांबून वाचता यावीत अशी मोठ्या अक्षरात गाणी लिहायची, आणि कॅसेटच्या डबीत घालायच्या कागदाचा मजकूर तयार करून छापखान्यात द्यायचा, एवढं माझं काम. त्या कागदाला आम्ही कार्ड म्हणायचो. गायकाचं नाव मोठं, निर्मात्याचं त्याहून मोठं, देवाचा फोटो मधे, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात वाद्यं वाजवणारे. त्यांच्यातली दोन-तीन नावं झाली की 'व इतर' लिहून मी पेन बंद करायचे. 'व इतर' लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

संक्रांतीपासून होळीपर्यंत आमची घाई. यात्रेला लोक बाहेर पडायच्या आत कॅसेट दुकानात पोचली पाहिजे. रेकॉर्डिंग मात्र दुपारी एक ते चार एवढंच चालायचं, कारण त्या वेळात शाहूपुरीतली दुकानं बंद असतात आणि खालचा गोंगाट थांबतो. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. दुसरीकडे असल्या खोल्यांना आतून अंड्याचे पुठ्ठे चिकटवतात, आवाज घुमू नये म्हणून. तात्या माळकरी. "देवाची गाणी आनि अंड्याचं पुठ्ठं? खुळं हायसा काय?" असं म्हणून त्यांनी भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. त्या उन्हात गाद्यांतला जुना कापूस तापून जो वास यायचा, तो मला आजही फाल्गुनात कारण नसताना येतो.

त्या भट्टीत मल्लूअण्णा पहिल्यांदा आला तो गिटार जुन्या चादरीत गुंडाळून. तिशीचा असेल. कपाळाला भस्माची पुसट रेघ, अंगठ्याचं नख वाढवलेलं, आणि कुणी काही विचारलं की आधी हसणार. नेसरीला बापाचं पेंडीचं आणि किराणा मालाचं दुकान. घरी आईबापाशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गिटार शिकला इथल्या मिशनच्या आवारातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. त्या मास्तरांजवळ परदेशातल्या खेड्यांमधल्या गाण्यांच्या तबकड्या होत्या. घोड्यावरून गुरं हाकणाऱ्या माणसांची गाणी. मल्लूअण्णा ती ऐकून ऐकून वाजवायला शिकला. अंगठ्यानं खालचा ठेका धरायचा आणि बाकीच्या बोटांनी वर गाणं म्हणायचं, दोन्ही एका हातानं. मला वाजवून दाखवलं आणि म्हणाला, "आक्का, तिकडची गुराखी बी आपल्यावानीच गात्यात की. निस्ती टोपी येगळी." मी त्याच्याहून लहान, पण तो मला पहिल्या दिवसापासून आक्काच म्हणत आला.

काय वाजवायचा नाही हे विचारा. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायचा, नाताळात चर्चमध्ये वाजवायचा, बिद्रीच्या साखर कारखान्यावर हंगाम संपला की जो कार्यक्रम व्हायचा त्यात दोन तास एकटा किल्ला लढवायचा. आमच्याकडे तर कहरच. एस. टी.चं तिकीट बारीक घडी घालून तारांखाली सरकवलं की गिटारचं तुणतुणं. तारेखाली सुती दोरा ओढला की एकतारी. औषधाच्या बाटलीची मान कापून बोटात घातली आणि तारेवर घसरवली की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं सनईच. गिटारच्या पोटावर चार बोटं मारली की संबळ. तात्यांना चार माणसांच्या ऐवजी एक माणूस मिळाला. आणि नुसता मिळाला नाही, चौघांपेक्षा चांगला मिळाला. इथपर्यंत सगळं छान होतं.

पहिलं कार्ड लिहायला बसले तेव्हा मी सरळपणे लिहिलं, गिटार : मल्लिकार्जुन शेटे. तात्यांनी वाचलं आणि हात जोडले. "बाई, देवाच्या गाण्यात गिटार? लोकं जोड्यानं हानतील की मला. डोंगरावर चाललेलं मानूस गिटारची कॅसेट घेतंय व्हय? तुणतुणं ल्ह्या." मी विचारलं, वाजवणाऱ्याचं नाव काय लिहू? तात्या म्हणाले, "घाला की कायतरी. शोभंलसं." खाली चहावाल्याच्या पायऱ्या वाजत होत्या. मी लिहिलं, तुणतुणे : धोंडू गोंधळी. मल्लूअण्णा शेजारीच बसला होता. वाचून मोठ्यानं हसला. आम्ही तिघंही हसलो. चहा आला, प्यायलो, विषय संपला असं मला वाटलं.

लोकांना धोंडू गोंधळी जो आवडला तो आवडलाच. दुकानदार सांगायला लागले, गिऱ्हाईक कार्ड उलगडून धोंडूचं नाव बघतं आणि मगच घेतं. पुढच्या वर्षी राधानगरीकडच्या एका गावाची यात्रा कमिटी नारळ आणि फेटा घेऊन माडीवर हजर झाली. धोंडू गोंधळ्यांचा सत्कार करायचा होता त्यांना. तात्यांनी त्यांना पाणी दिलं आणि तोंड पाडून म्हणाले, "पावणं, म्हातारं हाय ओ त्ये. गुडघं धरल्यात. कुटं येत न्हाई." कमिटी फेटा ठेवून गेली, धोंडूला द्या म्हणून. मल्लूअण्णा तेव्हा आत, गाद्यांच्या खोलीत, घामानं निथळत धोंडू होऊन वाजवत होता. तो फेटा तात्यांनी घरी नेला. त्या दिवशी मी हसले नाही, पण पुढच्या कार्डावर धोंडूचंच नाव लिहिलं.

संताप कशाचा येतो सांगू? नुसता तात्यांचा नाही. ह्या लोकांचाही येतो, ज्यांना देवापुढे तुणतुणंच हवं, पण खऱ्या तुणतुण्यावाल्याला दारात उभं करायचं नाही. खरे गोंधळी होते की कोल्हापुरात. ते महाग पडतात, वेळेवर येत नाहीत, स्टुडिओत बसून तेच तेच दहादा वाजवत नाहीत, म्हणून त्यांना बोलवायचं नाही. गिटारवाल्याला बोलवायचं, पण तो दिसू द्यायचा नाही. म्हणजे दोघांचीही नावं गेली आणि राहिला कोण, तर जो नाहीच तो. एवढी गोष्ट चार शहाण्या माणसांना सांगितली तर ती म्हणतात, जाऊ दे हो, त्याचं नशीब. नशीब! नशिबाला काय अक्षर येतं? कार्ड मी लिहीत होते.

मल्लूअण्णाला स्वतःला नावाची हाव नव्हती. त्याचं दुखणं वेगळंच होतं. नेसरीच्या दुकानात त्याचे वडील, आप्पा, दिवसभर टेपरेकॉर्डर लावून बसत. आमची प्रत्येक कॅसेट त्यांच्या फळीवर. आणि त्यांचा सगळ्यात लाडका कलावंत कोण, तर धोंडू गोंधळी. गिऱ्हाइकाला पेंड मोजता मोजता थांबत आणि म्हणत, ऐका, ह्यो मानूस वाजवतोय. मग मुलाकडे बघून म्हणत, "ह्येला कला म्हंत्यात. न्हाईतर तू, त्ये दारायेवढं लाकूड गळ्यात घालून गावभर हिंडतोस." मल्लूअण्णानं सांगून बघितलं, आप्पा, त्यो मीच हाय. आप्पांनी कार्ड त्याच्यापुढे धरलं. "हितं छापलंय न्हवं? छापल्यालं खोटं असतंय व्हय?" छापलेल्या अक्षरावर त्या माणसाचा एवढा विश्वास. दुकानाची वही लिहिणारा माणूस होता तो, त्याला लिहिलेलं खोटं असू शकतं हेच मुळी माहीत नव्हतं.

मग एका वर्षी संक्रांतीला मल्लूअण्णा आला तो हसला नाही. आप्पांना छातीचं दुखणं जडलं होतं. पुढचा उन्हाळा ते बघणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो तात्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, एकडाव माजं नाव येऊ द्या कार्डावर. आप्पास्नी दाखवायचंय. एकच कॅसेट. पुन्ना मागनार न्हाई." तात्या लगेच हो म्हणाले. इतकं लगेच, की मलाच संशय यायला हवा होता. फक्त एक काम करून द्यायचं. नवा कीबोर्ड आला होता, बाहेरचा आवाज पोटात साठवून ठेवणारा. त्यासाठी मल्लूअण्णानं एकेक सूर सुटा वाजवून द्यायचा. "मशिनीला तुजा सूर कळाय पायजे," तात्या म्हणाले. मल्लूअण्णा म्हणाला, "घ्या की. सूर काय वाजवून झिजतोय व्हय?"

तीन दुपारी ते चाललं. सा वाजवायचा, थांबायचं. रे वाजवायचा, थांबायचं. तुणतुण्याचे सूर, मग एकतारीचे, मग बाटलीचे. काचेपलीकडे कीबोर्डवाला बटणं दाबत होता. आणि हा वेडा माणूस काय करत होता? चूक झाली की स्वतःच हात वर करत होता. "थांबा, ह्यो जरा बसका आला. परत घ्या." चांगला सूर निघेपर्यंत सोडत नव्हता. कुणी आपल्या घराची किल्ली अशी घासून पुसून, तेल लावून दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी बाहेर बसून कार्डाचा मजकूर लिहीत होते, आणि आनंदात होते, कारण खाली, धोंडूच्या शेजारी, पहिल्यांदाच खरं नाव लिहीत होते.

छापखान्यातून कार्डाचा नमुना आला. तात्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पशुखाद्याची जाहिरात मिळालीया. जागा पुरंना. खालचं एक काढा." मी विचारलं, कोणतं? तात्या बंद पंख्याकडे बघत राहिले. त्यांनी नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, काही नाही. मी लाल पेन घेतलं आणि मल्लिकार्जुन शेटेवर रेघ मारली. धोंडू गोंधळी तसाच ठेवला. नोकरी जाईल अशी भीती होती का? थोडी होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते एवढं मोठंही वाटलं नाही. तात्यांना शिव्या देताना मला हे आठवतं आणि शिवी अर्ध्यात राहते.

पुढच्या हंगामात मल्लूअण्णा नेहमीसारखा चादरीत गिटार घेऊन आला आणि बाकावर बसला. आतून तुणतुणं ऐकू येत होतं. त्यानं मान तिरपी करून ऐकलं. "आक्का, ह्यो माजा पंचम हाय," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "पर अंगठा माजा न्हाई." तासभर बसला, कुणी बोलावलं नाही, उठून गेला. नंतर काही वर्षं त्यानं ऑर्केस्ट्रा केले, मग ऑर्केस्ट्राही कीबोर्डवर आले. आता तो नेसरीला दुकान बघतो. बरा आहे, पोटापुरतं आहे, त्याला बिचारा म्हटलेलं चालत नाही. परवाच्या टेम्पोतलं गाणं मात्र त्या आधीचं, त्यानं खरं वाजवलेलं. पहिल्या चार सुरांत कळतं, अंगठा चालतो ना.

पण मधलं एक सांगायचं टाळत आले. ते कार्ड छापून आलं, त्या वर्षीच्या चैत्रातलं. नाव नाही हे बघून मल्लूअण्णा मला एवढंच म्हणाला, "आता वाजवूनच दाखवतो आप्पास्नी." मी म्हटलं, मीही येते, मी सांगते त्यांना. गडहिंग्लजवरून एस. टी.नं गेलो. नेसरीकडे काजूच्या झाडांना अजून थोडा मोहर होता, उघड्या खिडकीतून त्याचा वास येत होता, आणि मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तात्यांबद्दल, लोकांबद्दल, गिटारबद्दल. सगळं तयार होतं.

आप्पा दुकानातच खाटेवर पडले होते, वर कॅसेटची फळी. हाडं उरली होती, पण कपाळावर भस्म ताजं होतं. मल्लूअण्णानं माझी ओळख करून दिली, आक्का हायत, कॅसेटच्या हापिसातल्या. मग पेंडीच्या पोत्यावर बसला, खिशातलं तिकीट घडी घालून तारांखाली सरकवलं आणि वाजवायला लागला. मी त्याला शेकडो वेळा ऐकलं होतं, असं कधी ऐकलं नव्हतं. आप्पांनी डोळे मिटले. खाटेच्या कडेवर त्यांचं बोट ठेका धरत होतं.

संपल्यावर डोळे न उघडताच ते म्हणाले, "झकास. अक्षी धोंडू गोंधळ्यावानी. नक्कल करावी तर अशी. आता एकडाव त्येच्याकडं जाऊन नीट शिकून घे की."

मल्लूअण्णा खाली बघून हसला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आप्पा, धोंडू गोंधळी कुणी नाही. पहिल्या कॅसेटपासून सगळं यांनीच वाजवलंय."

"कार्डावर हाय की त्येचं नाव."

"ते नाव मी घातलंय. माझ्या मनानं."

आप्पा भिंतीला टेकून उठून बसले. मल्लूअण्णा धरायला गेला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. "पोरी, तू ल्ह्यलंस?"

"हो."

"मग तवा ल्ह्यलंस त्ये खरं, का आता बोलतीस त्ये खरं?"

"आता बोलते ते."

त्यांनी मुलाचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याचं वाढवलेलं नख चाचपून बघितलं. मग माझ्याकडे वळले. "आनि ह्येचं नाव का न्हाई?"

एस. टी.त जुळवलेलं मी तात्यांपासून सुरू करणार होते. मल्लूअण्णाच घाईनं म्हणाला, "जागा पुरली न्हाई आप्पा. कार्ड केवढं असतंय, बारकं."

आप्पांनी उशाशी पडलेली नवी कॅसेट उचलली. डबी उघडून कार्ड काढलं, घडी उलगडली आणि बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं, पशुखाद्याच्या जाहिरातीपर्यंत. मग ते उलटं केलं. मागची बाजू सगळी कोरी होती. ती पांढरी बाजू वर करून त्यांनी कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं आणि तळहातानं एकदा सपाट केलं.

"हितं हाय की जागा," ते म्हणाले.